ठिणगीची वेळ

'योग्य वेळ' हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करीत असतो. पेरणीची योग्य वेळ, लग्नाची योग्य वेळ, बोलण्याची योग्य वेळ. ही वेळ नेमकी कोठे असते, असे कोणी विचारले तर आपण घड्याळाकडे नाहीतर आभाळाकडे पाहतो. मोटारसायकलच्या इंजिनात मात्र योग्य वेळेला मोजमाप आहे आणि तेही मिनिटा-सेकंदांचे नव्हे, तर अंतराचे. आमच्या घरच्या जुन्या बुलेटच्या बाबतीत ते अंतर आहे ०.८ मिलिमीटर. पिस्टन आपल्या शिखरापासून एवढ्या अंतरावर असताना ठिणगी पडली पाहिजे. ती आधी पडली तर गाडी किक मारणाऱ्याच्या पायावर उलटते. उशिरा पडली तर गाडी चालते, पण चालल्यासारखी चालत नाही.

माझा पेशा शिकवण्याचा. यंत्रविद्येशी माझा संबंध नाही. तरीही या एका मिलिमीटरहून लहान अंतराने आमच्या घरातील एका मोठ्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी मला दिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. आजही पेट्रोलच्या बहुतेक गाड्या त्याच तत्त्वावर चालतात. पिस्टन खाली जाताना पेट्रोलमिश्रित हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो. मग ठिणगी पडते, हवा पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळालेला धूर बाहेर लोटतो. हे ऐकल्यावर कोणालाही वाटेल, की पिस्टन अगदी वर पोचला की त्या क्षणी ठिणगी पडावी. परंतु आग ही एका क्षणात सर्वत्र पोचणारी वस्तू नाही. खळ्यावरील तणसाच्या ढिगाला एका टोकाला काडी लावली, तर दुसरे टोक पेटायला वेळ लागतो. इंजिनातही तसेच. ज्वाळा पसरायला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात आणि तेवढ्या अवधीत पिस्टन पुढे निघून गेलेला असतो. म्हणून ठिणगी शिखरावर नव्हे, शिखराच्या किंचित आधी पडावी लागते, म्हणजे आगीचा पूर्ण जोर पिस्टन खाली वळल्यावर त्याच्या पाठीशी उभा राहतो.

गाडी वेगात असेल तर ही ठिणगी आणखी आधी हवी. कारण पिस्टनला घाई असली तरी आगीला तितकी घाई नसते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरा होतो आणि दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. भंडाऱ्याहून लाखनी वीस-बावीस किलोमीटर. तेवढ्या वाटेत ही ठिणगी तीस हजार वेळा पडते आणि प्रत्येक वेळी तिला आपली वेळ साधावी लागते. बुलेटमध्ये हे काम दोन चिमुकली वजने करतात. वेग वाढला की ती स्प्रिंगला ताणून बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ पुढे सरकवतात. वेग उतरला की मुकाट्याने जागेवर येतात. पण आरंभाची वेळ मात्र माणसाने हाताने लावून द्यावी लागते.

बुलेट मुळात इंग्लंडमधील रेडिच गावच्या कारखान्याची. १९४९ पासून ती भारतात येऊ लागली. लष्कराला डोंगराळ सरहद्दीवर फिरण्यासाठी दणकट गाडी हवी होती. १९५५ मध्ये मद्रासच्या एका कंपनीच्या भागीदारीतून 'एन्फील्ड इंडिया' उभी राहिली आणि तिरुवोट्टियूर येथे गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, पुढे पूर्णपणे तेथेच घडू लागल्या. इंग्लंडमधील मूळ कारखाना बंद पडला, पण त्याचे हे भारतीय रोपटे जगले. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात नव्वद मिलिमीटर धाव घेणारा पिस्टन, ३४६ घनसेंटिमीटरचे लोखंडी इंजिन, उजव्या पायाशी गिअर. हा साचा दशकानुदशके फारसा बदलला नाही. आमची गाडी १९७२ ची. ती आधी लष्करात होती. १९८४ मध्ये बाबांनी ती लिलावातून घेतलेल्या एका गृहस्थाकडून विकत घेतली. काळ्या रंगाखालचा हिरवा रंग आजही टाकीच्या काठाशी डोकावतो.

बाबा लाखनीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि घर भंडाऱ्यात. वैनगंगेचा पूल ओलांडून, कारधा मागे टाकून ते रोज महामार्गाने जात आणि संध्याकाळी परतत. रविवारी मिस्साला जाताना टाकीवर मी, मागे दादा आणि त्याच्या मागे आडवी बसलेली आई, अशी आमची स्वारी निघे. आई कधी गाडी शिकली नाही. पण गाडीचा आवाज तिच्याइतका कोणाला कळत नसे. ओसरीवर रोझरी म्हणत असताना तिला गल्लीच्या तोंडाशी फटफटीचा आवाज ऐकू येई आणि मणी थांबवून ती एवढेच म्हणे, "आज आवाज जड आहे. रविवारी उघडून पाहा." बाबा रविवारी झाकण उघडत आणि ठिणगीची वेळ मागे पडलेली असे.

भंडाऱ्याच्या माणसाला हे नवलाचे वाटू नये. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. कसाराच्या हातोडीच्या ठोक्यांवर येथील कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. भांडे विकत घेताना त्यावर बोटाने टिचकी मारून कान देणारी बाई येथे आजही भेटते. धातू खरा की खोटा, सांधा पक्का की कच्चा, हे डोळ्यांआधी कान सांगतो.

२०१९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. दफनविधी होऊन आठवडा झाला नव्हता, तोच दादाने विषय काढला. तो पुण्यात नोकरीला, मी नागपुरात. आई भंडाऱ्यात एकटी कशी राहणार? तिने पुण्याला यावे, घर बंद करावे आणि गाडी विकून टाकावी, असे त्याचे म्हणणे. त्याच्या म्हणण्यात स्वार्थाचा लवलेश नव्हता. रक्तदाबाचा त्रास असलेली बहात्तर वर्षांची आई, शेजारची जुनी माणसे एकेक करून निघून गेलेली, रात्री-बेरात्री काही झाले तर धावून जाणारे कोणी नाही. उद्या दारात येऊन उभा राहणारा प्रश्न तो आज पाहत होता. परंतु घरात अजून फुलांचा वास होता. आई ताटावरून उठून गेली. त्यानंतर कित्येक महिने हा विषय आमच्यात निघाला नाही आणि निघाला नाही म्हणूनच तो अधिक जड होत गेला. मग २०२० मध्ये टाळेबंदी आली. दादा पुण्यात अडकला, आई एकटीच राहिली आणि गाडी ओसरीला टेकून दोन पावसाळे गंजत राहिली.

२०२१ मध्ये येणे-जाणे मोकळे झाल्यावर दादाने फोनवर पुन्हा विचारले, "गाडीचे काय?" गाडी म्हणजे केवळ गाडी नव्हे, हे आम्हां दोघांनाही कळत होते. मी त्याला म्हटले, "नाताळापर्यंत थांब. बंद गाडी भंगाराच्या भावाने जाईल. चालू करून पाहू, मग ठरवू." आई हे ऐकत होती. ती म्हणाली, "ती चालू झाली म्हणून मी येथे राहणार नाही आणि बंद पडली म्हणून जाणारही नाही. पण दारात उभी आहे, तर चालती असावी."

बाबांची गाडी पाहणारे एक वयोवृद्ध मिस्त्री बाजाराच्या टोकाला राहत. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. तरुणपणी एका आडमुठ्या गाडीने उलटी किक मारून त्यांचा घोटा मोडला होता. तेव्हापासून ते किंचित लंगडत चालतात. मी गेलो तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुकान मुलाच्या हाती होते आणि मुलाकडे येणाऱ्या गाड्यांत ठिणगीची वेळ लावण्याचा प्रश्नच उरलेला नव्हता. बुलेटचे जुने लोखंडी इंजिन २०१० च्या सुमारास मागे पडले आणि त्याआधीच इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली होती. तीत घासणारे काही नाही, झिजणारे काही नाही, लावायचेही काही नाही. ती व्यवस्था अधिक चांगली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आमची गाडी जुन्या काळची. चाचा म्हणाले, "भाऊ, माहे डोळे गेले, पण बोटं हायेत. डोळे तुम्ही आना." असे चार शनिवार आम्ही दोघांनी मिळून एका माणसाचे काम केले.

पहिले दोन शनिवार साफसफाईत गेले. टाकीतला गंज, कार्बोरेटरमधला चिकटा, बॅटरी, वायर. तिसऱ्या शनिवारी उजव्या अंगाचे छोटे गोल झाकण काढले. आत पॉइंट असतात: दोन बारीक धातूच्या टिकल्या, एक स्थिर आणि एक हलती. मध्ये फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्यावर हलत्या टिकलीची टाच घासते. उंचवटा आला की टिकल्या विलग होतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी उडते. ही योजना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने १९१० च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी रूढ केली. जुळलेले असेपर्यंत काही घडत नाही. ठिणगी पडते ती विलग होताना. चाचा हे मला सांगत होते तेव्हा त्यांचा अंगठा त्या टिकल्यांवरून फिरत होता. त्या काळ्या पडल्या होत्या, एकीवर खळगा आणि दुसरीवर टेकाड झाले होते. कानशीने घासून त्या सपाट केल्या.

त्यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी टिकल्यांमधील फट, मगच वेळ. कारण फट बदलली की वेळही बदलते. कॅमचा उंचवटा पूर्ण वर असताना फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. फिलर गेजची पाती आत सरकवली, ती अडखळत नाही आणि सैलही पडत नाही, इतपत. मग प्लग काढला. गाडी मोठ्या स्टँडवर उभी, वरचा गिअर टाकलेला आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवायचे. प्लगच्या भोकावर चाचांनी अंगठा ठेवला. हवा अंगठ्याला ढकलू लागली, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येत आहे. चार टप्प्यांत पिस्टन दोनदा शिखरावर येतो. एकदा पेटण्यासाठी आणि एकदा धूर लोटण्यासाठी. दोन्ही शिखरे बाहेरून सारखीच दिसतात. चूक शिखर धरले तर पुढची सारी मेहनत वाया जाते. म्हणून खात्रीसाठी टॅपेटचे झाकण काढून पुशरॉड बोटाने फिरवून पाहिले. दोन्ही मोकळे फिरले, म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद आहेत आणि हेच ते शिखर.

मग प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची एक तार आत सोडली. पिस्टन वर आला तशी तार वर आली, क्षणभर थांबली आणि खाली जाऊ लागली. थांबली तेथे मी खूण केली. त्या खुणेपासून ०.८ मिलिमीटर मागे यायचे. पण नुसते मागे येऊन चालत नाही. बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे, म्हणजे दातेरी चाकांमधला ढिलेपणा निघून जातो. आता पॉइंटच्या बैठकीचे दोन स्क्रू सैल केले आणि चाचांनी खिशातून पतंगाच्या कागदाची पट्टी काढली. संक्रांतीत उरलेला तो लाल कागद. त्याची पट्टी टिकल्यांमध्ये धरून बैठक केसभर केसभर फिरवायची. टिकल्या जुळलेल्या असतील तर कागद घट्ट धरलेला असतो. त्या विलग होऊ लागल्या की ज्या क्षणी कागद सुटतो, तीच ठिणगीची वेळ. मी जोराने ओढू लागलो तसे चाचा म्हणाले, "घाई नोका करू. कागद ओढाचा नाही. त्याले फक्त विचाराचं, सोडते का म्हणून."

हे विचारणे मला साधायला दीड तास लागला. मग बोटांना कळू लागले. कागद सुटतो त्याच्या आधी एक अवस्था असते. तो अजून धरलेला असतो, पण त्याची पकड विरघळू लागलेली असते. चाचांनी कागद माझ्या हातून घेतला, डोळे मिटले (मिटले काय किंवा उघडे काय, त्यांना तेव्हा सारखेच होते) आणि म्हणाले, "आता कसा. स्क्रू."

प्लगचे भोक तिरपे असल्यामुळे तारेचे माप तंतोतंत नसते. म्हणून शेवटचा निर्णय रस्त्यावर होतो. चौथ्या शनिवारी गाडी सुरू झाली. चढावर वेग वाढवताना इंजिनातून टकटक आवाज आला, तर वेळ पुढे गेली आहे; इंजिन फार तापते, ओढ लागत नाही, आवाज बसका येतो, तर वेळ मागे राहिली आहे. हल्ली बुलेटचा संथ ठोका ऐकून खूश होणारे काही हौशी तरुण मुद्दाम वेळ मागे ठेवतात, असे चाचा खेदाने सांगत होते. ऐकायला बरे वाटते, पण इंजिन आतून भाजत असते. आम्ही कारध्याच्या पुलापर्यंत तीन फेऱ्या मारल्या, दोनदा बैठक किंचित हलवली. तिसऱ्या फेरीनंतर मी गल्लीत वळलो तेव्हा आई ओसरीवर होती. ती काही म्हणाली नाही. पदराने डोळे पुसून आत गेली आणि चाचांसाठी चहा टाकला.

त्या रात्री मला दादाची आठवण येत राहिली. दफनानंतर आठवड्याच्या आत त्याने काढलेला विषय खोटा नव्हता. ठिणगी खरी होती. केवळ पिस्टन अजून खाली होता आणि म्हणून किक उलटी बसली. दुसरीकडे, "नंतर पाहू" म्हणत राहण्याची आपल्याकडची रीतही मी जाणतो. आजार अंथरुणाला खिळवतो, मग मुले जमतात. मग इस्पितळाच्या बाकावर बसून म्हाताऱ्या माणसाच्या उरलेल्या दिवसांची वाटणी ठरते. ते शिखर ओलांडून गेल्यावर पडलेल्या ठिणगीसारखे आहे. सारे घर तापते आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. बोलायचे ते आधीच बोलले पाहिजे, पण फार आधी नाही. हे 'किंचित आधी' कोणत्या पुस्तकात छापलेले नाही. कागद धरून विचारावेच लागते, सोडते का म्हणून.

दादा नाताळात आला. गाडीकडे पाहून त्याने एकही प्रश्न विचारला नाही. बाबांनी शिकवले होते तसे त्याने किक हळूहळू दाबली, दिव्यावरच्या ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आला तसा थांबला, डिकॉम्प्रेसर ओढून किक थोडी पुढे नेली, सोडली आणि एकाच किकमध्ये गाडी उठली. तिच्या मागे आईला बसवून तो तिला नदीवर फिरवून आणता झाला. परतल्यावर ती दोघे ओसरीवर बसली होती, तेव्हा आईनेच विषय काढला. पावसाळ्याचे चार महिने ती पुण्याला राहील. भाताची कापणी झाली की भंडाऱ्याला परतेल. दर शनिवारी मी यायचे आणि रात्रीच्या सोबतीला शेजारची एक मुलगी येऊन झोपेल, तिचे शिक्षण आम्ही पाहायचे. हे सारे तिने मनात कधीच जुळवून ठेवले होते. ते सांगायला तिला दहा मिनिटे लागली. दादाने होकार दिला. गाडी विकण्याचा विषय निघाला नाही.

हे लिहीपर्यंत ही व्यवस्था टिकून आहे. चाचांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि आता ते माझे काम भिंगातून तपासतात, चुकाही दाखवतात.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. पॉइंटची ती टाच कॅमवर सतत घासत असते आणि घासून झिजते. ती झिजली की टिकल्यांमधील फट कमी होत जाते आणि फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडू लागते. हे एका दिवसात होत नाही. रोज गाडी चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. कारण रोजचा आवाज कालच्या आवाजासारखाच वाटतो. बाहेरगावाहून आलेल्याला किंवा ओसरीवर कान देऊन बसलेल्याला तो फरक आधी कळतो. म्हणून दर दोन-तीन हजार किलोमीटरनंतर झाकण उघडून पाहावे लागते. मागच्या शनिवारी उघडले तेव्हा फट ०.३० वर आली होती. पतंगाचा कागद घरातच होता. दादाला फोन लावून ठेवला आणि त्याच्याशी बोलत बोलत ती पुन्हा लावली.